जमिनीवरचं जहाज

दाबोळीच्या धावपट्टीवर विमानाची चाकं टेकली की बहुतेक जण लगेच मोबाइल चालू करतात. मी मात्र गेली कित्येक वर्षं त्या क्षणी खिडकीला नाक लावून बसलेली असते. तिथे नौदलाच्या हद्दीत एक चढ आहे. सपाट जमिनीतून हळूहळू वर उचलत गेलेला आणि मग एकदम संपलेला. पुढे काही नाही, नुसती हवा. निधी संपल्यामुळे अर्धवट सोडलेला उड्डाणपूल असावा, तसा. मी पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "काम थांबलंय का हो इथलं?" मी म्हटलं, "नाही काका, ते एवढंच आहे. ते जहाज आहे."

खरंच ते जहाज आहे. आयएनएस हंसा या नौदलाच्या हवाई तळावर विमानवाहू जहाजाच्या डेकचा हवा तेवढा तुकडा जमिनीवर बांधून ठेवलाय. उडण्यासाठी चढाचं टोक, आणि उतरताना विमानाला पकडायला आडव्या पोलादी दोऱ्यांची यंत्रणा. शोअर बेस्ड टेस्ट फॅसिलिटी हे त्याचं कागदोपत्री नाव. अशी जागा जगात मोजक्याच देशांकडे आहे. क्रिमियातल्या साकी इथे सोव्हिएत काळात बांधलेली एक आहे, तिथे १९८०च्या दशकात सुखोई आणि मिग विमानं जहाजावरून उडायला शिकली.

माझी मावशी वास्कोला राहते. लढाऊ विमानं उडायला लागली की तिच्या फडताळातल्या लोणच्याच्या बरण्या किणकिणतात. "अगो, आले बघ ते परत," एवढंच म्हणून ती पुढचं काम करत राहते. तिच्या दृष्टीने तो रोजचा आवाज आहे. मला मात्र त्या आवाजाने हातातला घास तसाच राहतो, कारण माझं सगळं आयुष्य याच कामाच्या एका अगदी छोट्या कोपऱ्यात गेलंय.

आधी त्या चढाविषयी. विमानवाहू जहाजावर धावायला फार तर दोनशेएक मीटर मिळतात. एवढ्याशा धावेत जड लढाऊ विमानाला तरंगण्याइतका वेग येतच नाही. शेवटचा चढ त्याला वर फेकतो. कडा सुटते त्या क्षणी विमान खरं म्हणजे अजून उडत नसतं, भिरकावलेल्या दगडासारखं वर चाललेलं असतं. तो दगड खाली यायला लागायच्या आत इंजिनाने उरलेला वेग मिळवायचा, एवढाच सगळा व्यवहार. ही कल्पना ब्रिटिश नौदलातल्या डग टेलर नावाच्या लेफ्टनंट कमांडरची. आधी त्याने कागदावर गणितं मांडली, विद्यापीठात प्रबंध लिहिला. मग १९७७ मध्ये बेडफर्डच्या विमानतळावर, समुद्रापासून लांब, एक चढ उभारला गेला. तो सुरुवातीला फक्त ६ अंशांचा ठेवला होता. हॅरियर विमान त्यावरून उडवायचं, आकडे गणिताशी ताडून बघायचे, जुळले तर चढ थोडा वाढवायचा. असं करत २० अंशांपर्यंत गेले. पुढे तसाच १२ अंशांचा चढ असलेलं एक जहाज आपल्याकडे आलं आणि आयएनएस विराट झालं. त्यावरून उडणारी सी हॅरियर विमानं १९८३ मध्ये याच दाबोळीला आली होती. मावशीच्या बरण्या तेव्हापासून किणकिणतायत.

त्या चढावरून जाताना विमानाच्या पुढच्या चाकाच्या पायावर काय बेतत असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. मी विमानं बनवत नाही. चाकणच्या एका लहानशा कारखान्यात एकवीस वर्षं सिम्युलेशनचं काम करते. आम्ही ब्रॅकेट बनवतो. ट्रकच्या चौकटीला धरून ठेवणारे, इंजिन पेलणारे, टाकी बांधणारे लोखंडी हात. त्यात लष्करी वाहनांचंही काम येतं. पहिली काही वर्षं मी मनापासून समजत होते की माझं काम म्हणजे 'हे टिकेल' हे दाखवून देणं.

ती समजूत मोडली त्याची गोष्ट सांगते.

लष्करी ट्रकवर बसवायच्या एका केबिनमध्ये जनरेटर असतो. तो ज्यावर उभा राहतो तो ब्रॅकेट आमच्याकडे आला होता. मी संगणकावर त्याचं मॉडेल केलं, बारीक जाळी पाडली, खड्ड्यांचे हिसके घातले. आमच्या स्क्रीनवर ताण कमी तिथे निळा रंग दिसतो, वाढत गेला की हिरवा, पिवळा, आणि धोक्याच्या जागी लाल. माझ्या ब्रॅकेटवर लाल कुठेच नव्हतं. मग टेस्ट-बेडवर खरी चाचणी. हायड्रॉलिक जॅक ब्रॅकेटला दिवसरात्र हलवतात, आठवड्याभरात काही वर्षांचा प्रवास घडवून आणतात. त्यावर जनरेटर ठेवायचा होता, पण जनरेटर महाग, आणि तो यायला दोन महिने लागणार होते. म्हणून आम्ही तेवढ्याच वजनाच्या लोखंडी लाद्या एकावर एक रचून बोल्टने आवळल्या. असं नेहमीच करतात, यात काही गैर नाही.

टेस्ट-बेडवर आमचे फोरमन होते, सगळे त्यांना तात्या म्हणत. शिक्षण आयटीआयपर्यंत, आणि हातात तीस वर्षांचं लोखंड. लाद्यांकडे बघून ते म्हणाले, "ताई, हे वजन झोपलंय."

"म्हणजे?"

"जनरेटर उभा असतो. त्याचं वजन इथे असतं," त्यांनी छातीपाशी हात धरला. "तुमचं हे इथे आहे." हात गुडघ्यापाशी आणला.

मी म्हटलं, "तात्या, किलो तेवढेच आहेत." ते काही बोलले नाहीत. त्यांनी जॅक चालू केला. ब्रॅकेट पास झाला.

ट्रॅकवरच्या चाचणीला गाडी गेली, खऱ्या जनरेटरसकट. दगडी फरसबंदीचा एक रस्ता असतो, गाड्यांची हाडं खिळखिळी करायलाच बांधलेला. चौथ्या दिवशी फोन आला की आवाज येतोय. ब्रॅकेट काढून आणला. डोळ्यांना काही दिसेना. तात्यांनी लाल द्रव फवारला, दहा-पंधरा मिनिटं थांबले, कापडाने तो अगदी स्वच्छ पुसून काढला, मग वरून पांढरी पावडर मारली. आम्ही दोघं बघत उभे राहिलो. पांढऱ्यावर बोल्टच्या भोकापासून एक लाल रेघ उमटायला लागली. आधी ठिपका, मग केस, मग करंगळीच्या पेराएवढी लांब. भेगेत शिरून बसलेला रंग बाहेर येत होता. माझ्या निळ्या-हिरव्या चित्रात नेमकी ती जागा सगळ्यात निळी होती.

जनरेटरचा भार वर होता. गाडी बाजूला कलंडली की तो ब्रॅकेटला पिळत होता. माझ्या लाद्या खाली बसल्या होत्या, त्या नुसत्या दाबत होत्या. किलो बरोबर होते, उंची चुकली होती. आणि मॉडेलमध्येही मी तेच केलं होतं, कारण मॉडेल मी टेस्ट-बेडवरच्या लाद्यांशी जुळवून घेतलं होतं. म्हणजे माझी दोन्ही उत्तरं एकमेकांना साक्ष देत होती, आणि दोघांनीही तीच चूक केली होती.

कुणाला इजा झाली नाही. गाडी अजून कुठे रुजू झाली नव्हती. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. कुठल्या तरी खिंडीत, थंडीत, त्या केबिनमध्ये जी मुलं बसणार होती ती डोळ्यांसमोर येत राहिली. दुसऱ्या दिवशी तात्यांनी एका जाड पाइपात शिसं ओतून योग्य उंचीचं खोटं वजन तयार केलं. ते अजून आमच्याकडे आहे. आणि तेव्हापासून माझ्या प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर एक मथळा असतो: 'यात काय नाही'. मॉडेलमध्ये काय काय घेतलेलं नाही, त्याची यादी. ती आधी लिहायची, मग आकडे. वरच्या साहेबांना ते पान सुरुवातीला खुपायचं. ग्राहकाला आधी कमतरता कशाला सांगता, असं म्हणायचे. मी ते काढलं नाही.

पुढे वाचताना कळलं की खोट्या वजनाने माझ्याआधी कितीतरी मोठी माणसं फसली आहेत.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या पाणबुड्यांकडे मार्क १४ नावाचा टॉर्पेडो होता. एकाची किंमत त्या काळी सुमारे १०,००० डॉलर. एवढी महागाची वस्तू चाचणीत फोडून टाकायला कुणी तयार होईना. म्हणून सरावात स्फोटकाच्या जागी पाणी भरलेलं खोटं डोकं लावून तो सोडत आणि पुन्हा उचलून आणत. हे खोटं डोकं खऱ्यापेक्षा हलकं होतं. युद्ध सुरू झालं, खरं जड डोकं बसलं, आणि टॉर्पेडो ठरवलेल्या खोलीपेक्षा सुमारे १० फूट खालून, जहाजाच्या पोटाखालून निघून जायला लागले. कप्तान कळवत होते, आणि मुख्यालय म्हणत होतं की तुमचा नेम चुकतोय. शेवटी १९४२ च्या जूनमध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात ऑल्बनीजवळच्या एका उपसागरात ॲडमिरल चार्ल्स लॉकवूड यांनी कोळ्यांचं जाळं विकत घेऊन पाण्यात टांगलं आणि त्यातून टॉर्पेडो सोडले. जाळ्याला भोकं कुठे पडली ते मोजलं. वाद संपला. मला हा प्रसंग फार आवडतो. साधं एक जाळं, पण ते त्याच पाण्यात आणि त्याच वजनाने केलेलं मोजमाप होतं.

तरी टॉर्पेडो फुटेनात. २४ जुलै १९४३ ला टिनोसा या पाणबुडीच्या कप्तानाने एक मोठं जपानी तेलवाहू जहाज थांबवलं आणि अगदी सावकाश, काटकोनात, पाठ्यपुस्तकात दाखवतात तसा नेम धरून टॉर्पेडोमागून टॉर्पेडो सोडले. ते जाऊन आदळत होते आणि फुटत नव्हते. १५ सोडून झाल्यावर त्याने शेवटचा एक मुद्दाम राखून ठेवला, तळावर नेऊन उघडून बघायला. त्यानंतर हवाईत क्रेनवरून ९० फूट उंचीवरून टॉर्पेडोची डोकी पोलादी पत्र्यावर टाकून पाहिली. सरळ आदळली तेव्हा १० पैकी ७ वेळा स्फोटाची पिन चाललीच नाही. पत्रा तिरका ठेवला की निम्म्याहून जास्त वेळा चालली. म्हणजे नेम जितका अचूक, तितका टॉर्पेडो निकामी. थेट टकरीचा जोर इतका होता की पिन आपल्या वाटेतच अडकून बसत होती. हे सगळं दुरुस्त व्हायला १९४३ चा सप्टेंबर उजाडला. तोवर अमेरिका युद्धात उतरून पावणेदोन वर्षं होऊन गेली होती.

तेजस विमानाला उशीर झाला असं लोक म्हणतात तेव्हा मला हे १०,००० डॉलर आठवतात.

उशीर झाला हे खरंच आहे, आणि त्यातला सगळा उशीर चांगल्या कारणाचा नव्हता. पण एक आकडा बघा. पहिलं विमान, टीडी-१, कारखान्यातून बाहेर आलं १७ नोव्हेंबर १९९५ ला. ते उडालं ४ जानेवारी २००१ ला. रंगवलेलं, चाकांवर उभं असलेलं विमान पाच वर्षांहून जास्त काळ जमिनीवरच राहिलं. त्या काळात ते हजारो वेळा उडत होतं, फक्त हवेत नाही.

तेजस मुद्दाम अस्थिर बनवलेलं विमान आहे. चपळ हवं म्हणून. तळहातावर उभी काठी तोलावी तसं ते क्षणोक्षणी तोलत राहावं लागतं, आणि तो तोल माणसाच्या हाताने साधत नाही. वैमानिक दांडा हलवतो तेव्हा तो पंखाला हुकूम देत नसतो, संगणकाला इच्छा कळवत असतो. संगणक ठरवतो की पंखाची कुठली झडप किती हलवायची. हे ठरवण्याच्या नियमांना कंट्रोल लॉ म्हणतात. १९९२ मध्ये ते लिहायला बंगळुरूत एक राष्ट्रीय गट तयार केला गेला. नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजचे श्याम चेट्टी त्याचे प्रमुख.

यातला खरा धोका कुठला, ते समजायला भरलेली बादली उचलून चाला. पाणी एका बाजूला हिंदकळतं, तुम्ही हात दुसरीकडे झुकवता. पण तुमचा हात पोचेपर्यंत पाणी आधीच परत निघालेलं असतं. तुमची दुरुस्ती त्याला आणखी ढकलते. तिसऱ्या-चौथ्या पावलाला पायांवर पाणी. चूक पाण्याचीही नाही आणि हाताचीही नाही, दोघांच्या मधल्या त्या क्षणभराच्या उशिराची आहे. विमानात संगणक आणि माणूस दोघंही एकाच वेळी तोल सावरायला बघतात, आणि मध्ये हा उशीर शिरला तर विमान बादलीसारखं हिंदकळायला लागतं.

हे २ फेब्रुवारी १९८९ ला स्वीडनमध्ये लिन्शॉपिंगला घडलं. त्यांचं नवं ग्रिपेन विमान, पहिला नमुना, सहावं उड्डाण. उतरताना ते डोलायला लागलं. वैमानिक लार्स रॉडेस्ट्रोम सावरायला जातो तसा डोल वाढतो. पंख जमिनीला लागला आणि विमान उलटं होऊन घसरत गेलं. हे चित्रीकरण मी कितीदा पाहिलं असेल. वैमानिक हात मोडण्यावर वाचला. १९९३ च्या ऑगस्टमध्ये स्टॉकहोममध्ये तोच वैमानिक, त्याच जातीचं दुसरं विमान, तीच व्याधी, आणि खाली उत्सवाला जमलेली गर्दी. पॅराशूटने तो वाचला, विमान गर्दी चुकवून पडलं.

हे सिम्युलेटरमध्ये आधी का दिसत नाही? याचं एक कारण मला फार मानवी वाटतं. सिम्युलेटरमध्ये बसलेल्या वैमानिकाला ठाऊक असतं की चुकलो तर खुर्चीतून उठून चहा प्यायला जाता येईल. तेवढ्याने त्याची मूठ सैल राहते. खऱ्या जमिनीजवळ, खरं मरण समोर असताना, तोच हात दांडा घट्ट धरतो, झटके देतो, जास्त देतो. भीती ही मॉडेलमध्ये न घेतलेली गोष्ट आहे. 'यात काय नाही' या पानावर ती सगळ्यात वर यायला हवी.

म्हणून माणसांनी एक मधला मार्ग शोधला: उडतं सिम्युलेटर. खरं विमान घ्यायचं, पण त्याच्या संगणकाला दुसऱ्याच विमानाचा स्वभाव शिकवायचा. पुढे बसलेला वैमानिक जे विमान अजून जन्मलेलंच नाही ते उडवत असतो. मागे एक जण सांभाळायला असतो, बिनसलं की खऱ्या विमानाचा ताबा घेतो. ग्रिपेनच्या दुरुस्त्या अशाच एका जुन्या अमेरिकन विमानावर तपासल्या. आणि १९९६ च्या जुलैमध्ये आपल्या तेजसचे कंट्रोल लॉ अमेरिकेत व्हिस्टा नावाच्या खास एफ-१६ वर उडवून पाहिले गेले. तेजस जमिनीवरून उचललं जायच्या साडेचार वर्षं आधी तेजसचा स्वभाव हवेत फिरून आला होता.

मग मे १९९८ मध्ये पोखरण झालं. अमेरिकेने निर्बंध घातले, तिथे काम करणाऱ्या आपल्या लोकांना परत यावं लागलं, साहित्य तिथेच अडकलं. उरलेलं बंगळुरूत स्वतःच पुरं करायचं होतं. तिथे आयर्न बर्ड म्हणून एक रचना असते, लोखंडी पक्षी. पोलादी चौकटीत विमानाच्या खऱ्या हायड्रॉलिक नळ्या, झडपा हलवणारे खरे दांडे, खरे संगणक, जिथे विमानात असतील तिथेच मांडलेले. फक्त कातडी नाही आणि हवा नाही. संगणक हवेचं गणित करून सांगतो की आता एवढा वाऱ्याचा जोर आहे, आणि लोखंडी पक्षी बिचारा ते खरं मानून आपले अवयव हलवतो. एक नळी फोडा, एक संगणक बंद करा, बघा उरलेले काय करतात. असल्या कामाचा फोटो पेपरात येत नाही. त्यात बघण्यासारखं काही नसतं.

४ जानेवारी २००१ ला विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी बंगळुरूहून ते विमान उचललं आणि सुखरूप खाली आणलं. पुढची २३ वर्षं एकही तेजस पडलं नाही. पहिलं पडलं १२ मार्च २०२४ ला जैसलमेरजवळ, वैमानिक वाचला. २१ नोव्हेंबर २०२५ ला दुबईच्या हवाई प्रदर्शनात मात्र विंग कमांडर नमांश स्याल गेले. ती बातमी पाहिली त्या दिवशी मी काम करू शकले नाही. खोट्या उड्डाणांनी खऱ्या उड्डाणाचा धोका संपतो असं मी कधीच म्हणणार नाही. धोका जिथे पैसा आणि वेळ देऊन टाळता येतो तिथे त्याची किंमत माणसाच्या जिवाने मोजू नये, एवढंच माझं मागणं आहे.

आता पुन्हा दाबोळीला. जमिनीवरच्या जहाजासाठी 'यात काय नाही' अशी यादी मी एकदा मावशीच्या गच्चीत बसून केली होती. जमीन हलत नाही, डेक लाटांवर वरखाली होतं. जहाज वाऱ्यावर तोंड करून वेगाने चालतं आणि विमानाला वारा फुकट मिळतो, जमिनीला तो वळवता येत नाही. जहाजावरच्या मनोऱ्यामागे हवेचे भोवरे होतात. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, दोरी चुकली तर दाबोळीला पुढे जमीन असते, जहाजावर समुद्र. या यादीतली प्रत्येक ओळ दाबोळी बांधणाऱ्यांना माझ्यापेक्षा चांगली माहीत होती. त्यांनी जे केलं ते बघताना हे जाणवतं.

तेजसचं नौदलासाठी केलेलं रूप २० डिसेंबर २०१४ ला पहिल्यांदा त्या चढावरून उडालं. चालवत होते कमोडोर जयदीप मावळंकर. मावशीने पेपरातलं ते नाव मला मोठ्याने वाचून दाखवलं होतं. उतरण्याकडे मात्र एकदम कुणी गेलं नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये विमान जमिनीवरूनच चालत नेऊन त्याच्या शेपटीखालचा आकडा, म्हणजे हुक, दोरीत अडकवून पाहिला, आधी कमी वेगाने, मग वाढवत. आकडा उसळतो का, दोरी किती ताणते, विमानाच्या शेपटीकडचा सांगाडा काय म्हणतो. मग १३ सप्टेंबर २०१९ ला विमान खरोखर हवेतून आलं आणि दोरीत थांबलं. जहाजावर उतरताना वैमानिक शेवटच्या क्षणी विमान अलगद ओढून घेत नाही. ते ठरल्या उताराने तसंच आपटवतो आणि आपटताच इंजिन पूर्ण जोरात सोडतो, कारण दोरी चुकली तर पुन्हा उडावं लागणार असतं. थांबायला आलेल्या माणसाने उडायची पूर्ण तयारी ठेवायची. हा उलटा हात माणसाच्या अंगात मुरवायला जमिनीवरचं जहाज लागतं.

चढावरच्या पहिल्या उडीनंतर पाच वर्षांनी, ११ जानेवारी २०२० ला, मावळंकरांनी ते विमान आयएनएस विक्रमादित्यच्या तीन दोऱ्यांपैकी एकीवर उतरवलं. दुसऱ्या दिवशी तिथल्या चढावरून ते उडालंही. मी त्या संध्याकाळी ऑफिसात चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहत होते. आकडा लागतो, विमानाचं नाक खाली दबतं, मागे किंचित ओढलं जातं, उभं राहतं. पुढच्या चाकाचा पाय दबून परत वर येतो. त्या पायाने आधी काय काय सोसलं असेल ते मला दिसत होतं.

या विमानाला नौदलाने घेतलं मात्र नाही. २०१६ च्या डिसेंबरमध्येच नौदलप्रमुख ॲडमिरल सुनील लांबा यांनी सांगितलं होतं की जहाजावरून काम करायला ते कमी पडतं. हवाई दलासाठी बेतलेल्या विमानाला जहाजाचे जाड पाय लावले की वजन वाढतं, आणि एका इंजिनाला ते पेलत नाही. तरीही चाचण्या थांबवल्या नाहीत. ६ फेब्रुवारी २०२३ ला हेच विमान नव्या आयएनएस विक्रांतवरही उतरलं. जे विमान सेवेत जाणारच नाही ते एवढ्या जिवावरच्या गोष्टी का करत होतं, असं मला एका भाच्याने विचारलं. मी त्याला तात्यांच्या शिशाच्या पाइपाची गोष्ट सांगितली. ते विमान आता स्वतःच मॉडेल झालंय. जहाजासाठी दोन इंजिनांचं नवं विमान आखलं जातंय, त्याच्या गणितात हे खरे पाय, खरे हिसके, खऱ्या दोरीचा ताण जाणार आहे. आणि त्यावेळी 'यात काय नाही' ही यादी थोडी आखूड असेल.

मधल्या काळात तिथे परदेशी पाहुणेही येऊन गेले. २०२२ च्या जानेवारीत फ्रान्सचं रफाल-एम, मग मे-जूनमध्ये अमेरिकेचं सुपर हॉर्नेट. ही विमानं मुळात गुलेलीने फेकल्यासारखी कॅटापल्टवरून उडणारी, चढावरून ती उडतात का हे विकत घेण्याआधी बघायचं होतं. माहितीपत्रकावर विश्वास न ठेवता, विमान इथे आणा आणि या चढावरून उडवून दाखवा, असं सांगता आलं ते त्या अर्धवट पुलामुळे. २०२५ च्या एप्रिलमध्ये २६ रफाल-एमचा करार झाला. त्या वर्षी मावशीने बरण्यांखाली जुनी साडी घडी करून घातली.

गेल्या डिसेंबरमध्ये परत येताना सकाळचं विमान होतं. आमचं विमान रांगेत थांबलेलं. खिडकीतून पाहिलं तर चढाच्या पायथ्याशी काही माणसं एका आडव्या ओळीत, हातभर अंतर ठेवून, माना खाली घालून हळूहळू चालत होती. मध्येच एक जण वाकला, काहीतरी उचललं, खिशात टाकलं आणि पुन्हा ओळीत मिसळला. एखादा खडा असेल, किंवा तुटलेला बोल्ट. इंजिनाने ओढून घेतला तर संपलंच. ओळ चढाच्या टोकापर्यंत गेली, तिथे क्षणभर थांबली आणि वळून तितक्याच सावकाश परत खाली यायला लागली.